एव्हरिस्तचं दर्शन

ऑस्बर्ट ब्लॅकेटला कुणी बेटांबद्दल काही शिकवायचं नाही, असा एक नियम होता. तो नियम ऑस्बर्टनेच केला होता.

बत्तीस वर्षं ब्रिजटाउनच्या बस आगारात बसून त्याने गाड्यांची वेळापत्रकं आखली होती. कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबते, हे त्याला झोपेतही विचारावं. आता निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, गाड्या नव्हत्या, तेव्हा तो बायकोचं वेळापत्रक आखायचा. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलींनी आईबापाला जहाजावर आठ दिवसांसाठी पाठवलं, आणि पहिल्याच संध्याकाळी जहाजाच्या सहलींचं रंगीत पत्रक ऑस्बर्टने मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसं दोन बोटांत धरलं.

"हे बघ युडीन! पन्नास माणसं एका गाडीत कोंबायची, पुढे एक पोरगी छत्री नाचवत चालणार, मागून आपण मेंढरं! हे कुणासाठी असतं? बर्फातून आलेल्यांसाठी! आपण बार्बाडोसचे. बेटावर जन्मलो, बेटावर वाढलो. आपल्याला बेट दाखवायला छत्री कशाला?"

युडीनने पस्तीस वर्षं इस्पितळात नर्सचं काम केलं होतं. बडबडणाऱ्या माणसाला कधी थांबवायचं आणि कधी बोलू द्यायचं, हे तिला नाडी न बघता कळायचं. ती म्हणाली, "मला फक्त धबधबा बघायचाय, ऑस्बर्ट. आयुष्यात एकदा. आपल्याकडे एकही धड नाही."

"बघशील! सेंट लुशियाला सगळं ठरवलंय. चर्चमधल्या गिटन्सच्या ओळखीचा ड्रायव्हर आहे. निळी व्हॅन, नाव जोसेफ. झाला की नाही बंदोबस्त?"

इथेच खरं तर युडीनने त्याला थांबवायला हवं होतं. सेंट लुशियाच्या बाजारात 'जोसेफ' अशी हाक मारली तर निम्मा बाजार मागे वळून बघतो, आणि उरलेला निम्मा म्हणतो, "घरी नाहीये, काय काम होतं?"

सकाळी साडेआठला दोघं कॅस्ट्रीजच्या धक्क्यावर उतरली. ऑस्बर्टच्या अंगात पोपटांचा पिवळा शर्ट, खाली अर्धी चड्डी आणि गळ्यात पोहण्याचा चष्मा. फाटकाबाहेरच्या टॅक्सीवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ही इथलीच कुणीतरी म्हणून मान फिरवली. ऑस्बर्टला कोण अभिमान! "बघ! आपल्याला कुणी गिऱ्हाईकसुद्धा समजत नाही!"

रस्त्यापलीकडे निळी व्हॅन उभी होती. ड्रायव्हर दाराला टेकून आंबा खात होता.

"जोसेफ?" ऑस्बर्टने विचारलं.

"जोसेफ," ड्रायव्हर म्हणाला.

"वरती जायचंय ना?"

"वरतीच. दोन जागा आहेत. चला लवकर, दहाला सुरू होतंय."

दहाला धबधबा सुरू कसा होतो, असा प्रश्न युडीनच्या मनात आला होता. पण तोवर ऑस्बर्ट आत चढून मधल्या बाकावर बसलासुद्धा. व्हॅनमध्ये आधीच दहा माणसं होती. पुरुष काळ्या सुटात, बायका पांढऱ्या नाहीतर जांभळ्या पोशाखात, डोक्यावर हॅट आणि मांडीवर स्तोत्रांची पुस्तकं.

"ऑस्बर्ट," युडीन हळूच म्हणाली, "धबधब्याला स्तोत्रांची पुस्तकं कशाला लागतात?"

"कॅथलिक लोक आहेत. सगळीकडे नेतात. शिवाय ही माणसं बाहेर पडताना नीटनेटकी असतात, आपल्यासारखी नाही." असं म्हणून त्याने गळ्यातला चष्मा जरा सरळ केला.

गाडी डोंगर चढू लागली. आतली मंडळी आपसात क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत, बोलत होती. त्यातला एकही शब्द ऑस्बर्टला कळत नव्हता, पण दर दोन वाक्यांनी तो मान डोलवत होता. शेवटी न राहवून त्याने मोठ्याने सांगून टाकलं, "आम्ही बार्बाडोसचे!"

व्हॅनमध्ये एकदम चिडीचूप झालं. मग पुढच्या बाकावरची जांभळ्या हॅटची बाई सावकाश वळली.

"बार्बाडोसहून आलात?"

"थेट!"

"एव्हरिस्तसाठी?"

ऑस्बर्टने क्षणभर विचार केला. धबधब्याचं नाव गिटन्सने सांगितलं होतं खरं, पण लक्षात कोण ठेवतो!

"एव्हरिस्तसाठीच!" तो म्हणाला. "फार ऐकलंय त्याच्याबद्दल. एवढ्या लांब येऊन त्याला न बघता परत गेलो असतो तर मनाला लागून राहिलं असतं."

बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने मागे हात करून युडीनचे दोन्ही हात धरले आणि क्रेओलमध्ये काहीतरी ओरडली. सगळी व्हॅन एकदम बोलायला लागली.

"बघ किती अभिमान आहे यांना," ऑस्बर्ट कुजबुजला. मग मोठ्याने म्हणाला, "उंची किती असेल हो त्याची?"

"सहा फूट दोन इंच," ड्रायव्हर जोसेफ म्हणाला. "तरुणपणी जास्त वाटायची. म्हातारपणात जरा कमी झाला."

"सहा फूट!" ऑस्बर्ट बायकोकडे वळला. "आणि पत्रकात साठ छापलंय! म्हणून मी म्हणतो, जहाजवाल्यांवर विश्वास ठेवू नये." मग सहानुभूतीने म्हणाला, "कमी होणारच हो. हल्ली पाऊस कुठे पडतो पूर्वीसारखा?"

 बार्बाडोसच्या लोकांचं बोलणं जरा वेगळं असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जवळ जाता येतं ना अगदी? हात लावता येतो?"

"येतो की," जांभळ्या हॅटची बाई डोळे पुसत म्हणाली. "कपाळाला लावा. अकरापर्यंत दर्शन आहे, मग बंद करतात."

युडीनने डोळे मिटून घेतले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तिने हे वाक्य ज्या ज्या संदर्भात ऐकलं होतं, त्यातला एकही धबधब्याचा नव्हता.

"ऑस्बर्ट," ती म्हणाली, "तोंड बंद ठेव आणि तो चष्मा काढ."

"का?"

व्हॅन एका वळणावर थांबली. समोर छोटं दगडी चर्च होतं. दारात काळी लांब शववाहिका उभी होती आणि बाजूला सगळं गाव.

ऑस्बर्टने चष्मा काढला.

पळून जावं म्हटलं तर जाणार कुठे? खाली दरी, वर केळीच्या बागा, आणि दोन्हीकडून माणसं हात मिळवायला येत होती. "बार्बाडोसहून आलेत!" ही बातमी व्हॅनच्या आधी चर्चमध्ये पोहोचली होती. ऑस्बर्ट तोंड उघडायचा, "ऐका, एक गैरसमज..." आणि कुणीतरी त्याला छातीशी धरायचं. एव्हरिस्तच्या जवळ त्याला नेण्यात आलं. पेटीत एक लांबलचक म्हातारा पांढऱ्या सुटात शांत निजला होता, हाताचे पंजे फावड्याएवढे. ऑस्बर्टने कपाळाला हात लावला. दुसरं काय करणार!

पहिल्या बाकावर मयताची बहीण बसली होती, मा क्लोटिल. वय ऐंशीच्या पुढे, पाठ मात्र बंदुकीच्या नळीसारखी ताठ. तिने ऑस्बर्टच्या शर्टावरचे पोपट एकेक करून पाहिले, मग शेजारच्या पुतणीला काहीतरी सांगितलं. पुतणीने एक काळा कोट आणून ऑस्बर्टला चढवला.

"त्याचाच आहे," मा क्लोटिल म्हणाली. "बस इथे, माझ्याजवळ."

कोटाच्या बाह्या ऑस्बर्टच्या बोटांच्या खाली चार इंच लोंबत होत्या. खाली दोन उघड्या पोटऱ्या. एकूण अवतार असा, की शेतात उभा केला असता तर पाखरं वर्षभर फिरकली नसती.

मागच्या बाकावरून जांभळ्या हॅटच्या बाईने युडीनच्या कानात सगळी हकिगत सांगितली. एव्हरिस्त विशीत घर सोडून गेला आणि अठरा वर्षांनी परत आला, तो हातात एक थापी घेऊन. पत्र नाही, पैसा नाही, फोटो नाही. म्हणाला, बार्बाडोसला गवंडी होतो. गावाला ते खरं वाटेना; खरं मानलं ते एकट्या मा क्लोटिलने. त्याचा मेहुणा ओझियास तर चारचौघांत म्हणायचा, "कुठला बार्बाडोस! हा याच बेटावर, व्ह्यू-फोर्टला एका बाईकडे राहत होता. बसने दीड तास!" एव्हरिस्त चिडायचा नाही. एवढंच म्हणायचा, "मी मरेन तेव्हा बार्बाडोसहून कुणीतरी येईल, तेव्हा बघा." चाळीस वर्षं गाव यावर हसलं. आणि आज सकाळी निळ्या व्हॅनमधून पोपट उतरले होते.

युडीनने हे सगळं नवऱ्याच्या कानात ओतलं. ऑस्बर्टचा रंग उतरला.

"युडीन, आपण मागच्या दाराने..."

"आता बार्बाडोसचे पाहुणे दोन शब्द बोलतील," फादर म्हणाले.

आगाराच्या वार्षिक सभेत ऑस्बर्ट न थांबता पन्नास मिनिटं बोलला होता, तेही टायरांवर. पण आज उभं राहून तो त्या पेटीकडे बघत राहिला. त्याच्यात शंभर दोष होते. बढाईखोर तर तो होताच. पण चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलणं त्याला जमणार नव्हतं.

"मी एव्हरिस्तला ओळखत नव्हतो," तो म्हणाला.

"आमेन!" मागून कुणीतरी भक्तिभावाने म्हणालं. "त्याला पुरतं कुणीच ओळखलं नाही!"

"नाही, म्हणजे मी खरंच ओळखत नव्हतो. मी त्याला आज पहिल्यांदा बघतोय."

कुजबुज झाली. डाव्या बाजूला एक बुटका म्हातारा काठी आपटत उभा राहिला. तो ओझियास. "मी काय सांगत होतो! विचारा त्याला! बार्बाडोस म्हणे!"

मा क्लोटिल हलली नाही. फक्त तिने मांडीवरचा रुमाल घट्ट धरला. ऑस्बर्टने तो रुमाल पाहिला. एवढ्या मोठ्या बेटावर, एवढ्या लोकांसमोर, त्या बाईचं चाळीस वर्षांचं म्हणणं त्याच्या एका वाक्याने पाडलं होतं! काय करावं? त्याला आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती. तीच त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"आजी, तिकडे तो कामावर कसा जायचा?"

"बसने," मा क्लोटिल म्हणाली.

"कुठून कुठे? रस्ता सांगायचा कधी?"

"कधी म्हणजे? दर रविवारी सांगायचा. मला पाठ आहे." आणि तिने डोळे मिटून, जपमाळेचे मणी ओढावेत तसं, सांगायला सुरुवात केली. "पुलाजवळून निघायची. मग जुनी मंडई. मग इस्पितळाचं वळण. मग रमच्या भट्ट्या, तिथे नाक दाबायचं. मग चिंचेखाली."

"थांबा," ऑस्बर्ट म्हणाला. "चिंचेखाली कुठे?"

"बेकरीपाशी. तिथे पाटी नव्हती. पण बस थांबायची. बेकरीवाली लॅशली खिडकीतून गरम पाव द्यायची, आणि ड्रायव्हर दोन पाव खाल्ल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. एव्हरिस्त म्हणायचा, सगळ्या दिवसातली तीच पाच मिनिटं सुखाची."

ऑस्बर्ट खाली बसला. मग परत उभा राहिला. त्याचा आवाज आता टायरांवर बोलतानाच्या आवाजासारखा नव्हता.

"मंडळी, मी बस खात्यात होतो. बत्तीस वर्षं. नोकरीच्या पहिल्या वर्षी साहेबांनी मला विचारलं, ही गाडी रोज पाच मिनिटं उशिरा का येते? मी जाऊन बघितलं. चिंचेखाली सगळी बस पाव खात होती! मी तो थांबा बंद केला. पुढे चिंच पडली, बेकरी गेली. तो थांबा कुठल्या नकाशात नव्हता, कुठल्या कागदावर नव्हता. आज बार्बाडोसमध्येसुद्धा तो दहा माणसांना आठवत नसेल. व्ह्यू-फोर्टला बसून हे कुणाला रचता येणार नाही." त्याने घसा साफ केला. "आजी, तुमचा भाऊ तिथे होता. रोज त्या बसमध्ये होता. त्या थांब्यावरून मला नंतर दहा वर्षं शिव्या पडल्या. त्यातल्या काही नक्की याच्या असणार."

 मग मागच्या कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं चर्च हसायला लागलं, रडतारडता. ओझियास काठीवर हनुवटी टेकून खाली बसला. पेटी बंद करायच्या आधी तो एकटाच उठून जवळ गेला, आणि बराच वेळ वाकून एव्हरिस्तच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला.

दफन झालं. मग चर्चमागच्या अंगणात खारवलेला मासा, उकडलेली हिरवी केळी, कोकोचा चहा आणि मोठ्या माणसांसाठी रम. ओझियासने स्वतः ऑस्बर्टचा पेला तीनदा भरला. ऑस्बर्टला मात्र घास जाईना. शेवटी तो मा क्लोटिलच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला.

"आजी, एक खरं सांगू? आम्ही तुमच्या भावासाठी आलो नव्हतो. आम्ही धबधबा बघायला निघालो होतो."

"ठाऊक आहे," मा क्लोटिल म्हणाली. "मयताला पोहायचा चष्मा घेऊन कोण येतं?"

"मग मला बोलायला का उभं केलंत?"

"बार्बाडोसचा माणूस हवा होता. आला तो तू आलास. मला काय निवडायला दहा मिळाले होते?" तिने त्याच्या ताटात आणखी एक केळं टाकलं. "खा. आणि कोट ठेव. तुला शोभत नाही, पण ठेव."

तेवढ्यात युडीनने घड्याळ बघितलं. तीन वाजत आले होते. जहाजाची शिडी चारला वर जात होती.

ड्रायव्हर जोसेफ विलायती फणसाच्या झाडाखाली पालथा झोपला होता. त्याला हलवलं, पाणी मारलं, कानात 'जोसेफ' म्हणून ओरडलं. अंगणातले सात जोसेफ धावत आले, हा काही उठला नाही. खाली शहरात जाणारं दुसरं एकच वाहन होतं.

"बसा की," शववाहिकेचा ड्रायव्हर मेल्कियोर म्हणाला. "मी रिकामाच चाललोय. पुढे एक जागा आहे."

ती युडीनने घेतली.

ऑस्बर्ट मागे बसला. बसला म्हणजे, जिथे बसायची सोय नसते तिथे जे काही करता येईल ते त्याने केलं. दोन्ही बाजूंना काचा, काचांना जांभळे पडदे, आणि खाली रुळांवर सरकणारी फळी. चढावर तो मागच्या दाराशी जायचा, उतारावर पुढे येऊन युडीनच्या डोक्यामागे आदळायचा.

"ऑस्बर्ट, धक्के देऊ नकोस!" ती म्हणायची.

रस्त्यात मात्र काय मान! समोरच्या गाड्या कडेला थांबत होत्या. शाळेची पोरं रांगेत उभी राहिली. माणसं टोप्या काढत होती. एवढा मान कुणी दिला की परत नमस्कार न करणं ऑस्बर्टच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्याने पडदा बाजूला करून हात हलवला. बसथांब्यावरची एक शहाळेवाली जागच्या जागी खाली बसली. कोयता सुटला, शहाळी उतारावरून गडगडत गेली, आणि बाई छातीवर क्रॉसची खूण करत बसली.

"पडदा लाव!" मेल्कियोर ओरडला. "मला या रस्त्यावर अजून धंदा करायचाय!"

चारला सहा मिनिटं कमी असताना शववाहिका धक्क्यावर पोहोचली. एरवी टॅक्स्यांना फाटकात अडवतात, कागद विचारतात. शववाहिकेला कोण अडवणार? पहारेकऱ्याने दांडा वर केला, टोपी काढली, आणि गाडी सावकाश, गंभीरपणे, थेट जहाजाच्या शिडीपर्यंत गेली. वर कठड्याला दोन हजार माणसं निरोपाचं संगीत ऐकत उभी होती. बँड मध्येच थांबला.

मेल्कियोरने सवयीप्रमाणे उतरून, हातमोजे घालून मागचं दार उघडलं. आतून ऑस्बर्ट पाय पुढे करून बाहेर आला. अंगावर मयताचा काळा कोट, डोळे रमने लाल, आणि तोल जाऊ नये म्हणून बायकोचा हात घट्ट धरलेला.

शिडीवरच्या अधिकाऱ्याने टाचा जुळवल्या. "फार वाईट झालं, साहेब," तो म्हणाला.

"हो," ऑस्बर्ट म्हणाला. त्या क्षणी त्याला ते खरंच वाटत होतं, आणि तिथेच घोटाळा झाला.

खोलीत गेली तर मेजावर फळांची परडी आणि काळ्या फितीचं पत्र. जेवायला त्यांना कोपऱ्यातलं शांत टेबल मिळालं. दोघं आत शिरली की पियानोवाला झटकन स्तोत्र वाजवायला लागायचा. दुसऱ्या दिवशी जहाजावरच्या पोहण्याच्या तलावावर ऑस्बर्टने पोपटांचा शर्ट घातला, तर कॅनडाची एक आजी त्याला मिठी मारून म्हणाली, "असंच धीराने घ्यायचं!" नाचाच्या रात्री दोघं उठली आणि सगळा मजला आदराने रिकामा झाला. चाळीस वर्षांच्या लग्नाचा केक मागवला होता, तो स्वयंपाक्यांनी परस्पर रद्द करून सूप पाठवलं.

तिसऱ्या दिवशी ऑस्बर्ट उठला, दाढी केली आणि तडक चौकशीच्या खिडकीवर गेला. युडीन मागोमाग होतीच.

"हे बघा," तो तिथल्या मुलीला म्हणाला, "आमचं कुणीही मेलेलं नाही. आमच्या घरी सगळे ठणठणीत आहेत. आम्ही आनंदात आहोत. आम्हाला नाचायचंय आणि केक खायचाय!"

मुलीचे डोळे भरून आले. तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात हातात घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "पहिले काही दिवस सगळेच असं म्हणतात."